उजाडलं की जागी होणारी तार

नवा सौर पंप बसवायला कुणाच्या वावरात गेलो, की मी आधी विहीर पाहत नाही, कुंपण पाहतो. शेतकऱ्याला वाटतं, मिस्त्री सगळा धुरा, म्हणजे वावराचा बांध, हिंडून बघतोय म्हणजे मोठा बारकाईचा माणूस दिसतो. तसं काही नाही. मी भितो. सगळं आयुष्य विजेच्या कामात गेलं, तरी सकाळी पूर्वेकडं तांबडं फुटलं आणि जवळपास कुठं सौर प्लेटा उभ्या दिसल्या की माझी पावलं आपोआप मागं सरतात. या वयात ते लपवण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

माझं घर सडक अर्जुनीला. हायवेच्या बाजूला ट्रकवाल्यांच्या ढाब्यांना लागून एक लहानसं दुकान आहे, तिथं पंखे, मोटारी, पंपांचे कंट्रोलर दुरुस्त होतात. तारुण्यात मी ठेकेदाराच्या हाताखाली लाइनवर काम केलं, पोल चढलो. पुढं सौर पंप आले आणि मी तिकडं वळलो. अर्जुनीपासून चिचगडच्या जंगलापर्यंत कुठं पंप अडला की लोक मला फोन लावतात. बायको म्हणते, लोक उगवत्या सूर्याला हात जोडतात, तुम्ही एकटेच त्याच्याकडं संशयानं बघता.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं समजावून सांगतो. तारेवरच्या विजेला मालक असतो. पोलवर चढायच्या आधी सबस्टेशनला फोन करायचा, लाइन बंद करून घ्यायची, बंद झाल्याची खात्री करायची आणि मगच हात लावायचा. प्लेटांच्या विजेला असा कोणी मालक नाही. प्लेटेवर उजेड पडला की तिच्यातून वीज निघणारच. पंपाच्या पेटीतला खटका पाडला तर पंप बंद होतो, प्लेटा बंद होत नाहीत. आता सूर्य बंद करायला फोन कोणाला लावायचा? दुसरी गोष्ट, ही वीज घरातल्या विजेसारखी नाही. घरातला करंट बऱ्याचदा झटका देऊन माणसाला फेकतो. हा धरून ठेवतो. मूठ आवळली जाते आणि ती उघडणं माणसाच्या हातात राहत नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, सूर्य डोंगराआडून वर यायची वाटही तो बघत नाही. नुसतं फटफटलं तरी प्लेटांच्या तारेत माणूस मारण्याइतका जोर आलेला असतो.

हे ऐकून कोणी असं समजू नये की मी सौर विजेच्या विरोधात आहे. मी डिझेल इंजिनाचे दिवस पाहिले आहेत. सायकलच्या हँडलला डबे लटकवून लोक चिचगडहून देवरीला डिझेल आणायला जायचे, आणि इंजिन फुकफुक करत दहा वेळा बंद पडायचं. आजही कामानिमित्त दरेकशाकडं गेलो की कोळशाने भरलेल्या मालगाड्या एकामागून एक जाताना दिसतात. हे काळं इंधन संपणारच आहे, आणि आमच्या रानात ते संपवायला माझा थोडा हात लागला, याचा मला अभिमान आहे. गिऱ्हाइकंही एकेक भेटतात. एका म्हाताऱ्याने प्लेटा आंब्याच्या गर्द सावलीत बसवायचा हट्ट धरला होता, का तर बिचाऱ्या उन्हात तापतील. एकाने मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं की पौर्णिमेला पंप थोडा तरी चालेल का. अशा लोकांवर मी हसतो आणि चहा पिऊन निघतो. यादोरावांवर मात्र मला हसता आलं नाही.

यादोराव म्हणजे चिचगडच्या पलीकडचे पोवार समाजाचे एक शेतकरी. साठीच्या अलीकडचे, अंगाने काटक, डोक्याने फार चालाख. त्यांच्या गावात पहिला सौर पंप त्यांच्याच विहिरीवर लागला, तो मीच बसवला. पंप आला तसं त्यांनी उन्हाळी धान लावलं. आणि तिथूनच सगळी भानगड सुरू झाली.

आमच्या झाडीपट्टीत पावसाळी धान कापून झालं की गुरं मोकळी सोडतात. गायकी, म्हणजे गावची गुरं राखणारा माणूस, त्याचं काम संपतं आणि पुढचा पाऊस येईपर्यंत गावातली सगळी गुरं वाटेल त्या बांदीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, फिरतात. कोणी कोणाला काही म्हणत नाही, कारण कोणाच्या वावरात खायला काही उरलेलंच नसतं. पिढ्यानपिढ्या असंच चालत आलं आहे. आता विचार करा, सगळा शिवार वाळून पिवळा पडला आहे आणि मधोमध एका माणसाचं धान हिरवंगार उभं आहे. गावची सगळी गुरं दुसरीकडं जातील कशाला? यादोराव दिवसभर काठी घेऊन पळायचे. एका बाजूने हाकलली की दुसऱ्या बाजूने यायची. लोकांना सांगायला गेले तर लोक म्हणायचे, आम्ही गुरं नेहमीसारखीच सोडली, धान तुम्ही नवीन लावलं.

मोहफुलांच्या दिवसांत त्यांचा फोन आला. पंप मधेच बंद पडतो, पेटीवर लाल बत्ती लागते. मी विचारलं, कधी लागते? तर बांदीत पाणी भरलं की लागते, सुकलं की जाते. करंट कुठंतरी जमिनीत गळतो आहे एवढं मला कळलं. कुठून गळतो ते कळलं नाही. वायर कुठं सोलली आहे का, उंदराने कुरतडली का, असं सगळं विचारलं. ते म्हणाले, काही नाही जी, सगळं बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी ऊन व्हायच्या आत पोहोचावं म्हणून मी अंधारातच गाडी काढली. उन्हाळ्यात देवरीच्या पुढचा रस्ता सकाळीच गाठलेला बरा.

वावरात पोहोचलो तेव्हा नुकतं दिसायला लागलं होतं. झाडांचे आकार कळत होते, रंग कळत नव्हते. यादोराव अजून घराकडून आले नव्हते. मी गाडी उभी केली आणि समोर बांबूंची रांग दिसली. सगळ्या धानाभोवती बांबू रोवलेले, त्यांना बाटल्यांची काचेची तोंडं बांधलेली, आणि त्या काचांवरून नागडी लोखंडी तार ओढलेली, एक गुडघ्याजवळ आणि एक कमरेजवळ. मला वाटलं, झटका मशीन घेतलं वाटतं. रानडुकरांसाठी आजकाल बरेच लोक ते घेतात. एक लहानशी प्लेट, एक डबा, जमिनीत एक सळई आणि कुंपणाला तार. डबा तारेत क्षणभर टिचकी मारल्यासारखा करंट सोडतो आणि लगेच थांबतो. जनावर दचकून पळतं, मरत नाही.

मी डबा शोधू लागलो. सळई ठोकलेली दिसली, डबा कुठंच दिसेना. तारेच्या मागं मागं गेलो तर ती पंपाच्या प्लेटांखाली गेली. तिथं यादोरावांनी मुख्य वायर सोलून दोन फाटे काढले होते. एक सळईला, एक कुंपणाला. फाटे पेटीच्याही आधीच काढलेले, म्हणजे खटका पाडून काही उपयोग नाही. पंप चालवणाऱ्या सगळ्या प्लेटांचा जोर त्या उघड्या तारेत उतरला होता, आणि पूर्वेला आभाळ पांढरं होत होतं. 

तेवढ्यात पलीकडच्या धुऱ्यावर काहीतरी हललं. त्या कोपऱ्यात यादोरावांचं मोहाचं झाड आहे, कुंपणाच्या आत. झाडाखाली एक बाई वाकून फुलं वेचत होती. त्या सयत्राबाई, यादोरावांची बायको. मोह पहाटेपासून पडतो आणि बाया अंधारातच टोपली घेऊन निघतात, हे मला ठाऊक होतं. त्या आत होत्या, घर बाहेर होतं आणि मधे तार होती.

मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "बाई, थांबा, तारेला हात लावू नका." अंतर बरंच होतं. त्यांनी मान वर केली, डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि टोपली डोक्यावर घेऊन माझ्याकडं चालायला लागल्या. मी पुन्हा ओरडलो, हात हलवले. त्या आणखी भराभर चालू लागल्या. मी बोलावतो आहे असंच त्यांना वाटलं असणार. सकाळी सकाळी पाहुणा दारी येऊन हाक मारतो आणि आपण सावकाश जायचं, ही आमच्याकडची रीत नाही. माझी प्रत्येक हाक त्यांना तारेकडं ओढत होती, हे लक्षात आलं तसं मी ओरडणं थांबवलं.

मी त्यांच्याकडं धावलो असतो तर मधे बांदीतला चिखल होता, आणि त्या माझ्या आधी तारेपाशी पोहोचल्या असत्या. मी प्लेटांकडं वळलो. पंपाच्या प्लेटा माळेसारख्या एकीला एक जोडलेल्या असतात. माळेतला कुठलाही एक जोड उघडला की सगळ्यांचा करंट तुटतो. जोड प्लेटेच्या पाठीमागं असतो, चाप दाबून ओढायचा, एरवी चुटकीसरशी होणारं काम. पण धूळ बसून तो जोड गच्च झाला होता आणि माझी बोटं घामाने ओली होती. रबरी हातमोजे गाडीच्या पेटीत राहिले होते. शर्टाचं टोक बोटांना गुंडाळलं, चाप दाबला, तो सुटेना. पुन्हा दाबला. मला मागं बघायची हिंमत होत नव्हती. शेतात एवढी शांतता होती की बाईंच्या पायांचा चिखलात होणारा आवाज मला ऐकू येत होता.

जोड सुटला. मी वळून पाहिलं तर सयत्राबाई तारेपाशी उभ्या होत्या. वरची तार त्यांनी मुठीत धरून वर उचलली होती आणि वाकून तिच्याखालून निघत होत्या. पाय घोट्यापर्यंत ओले. आधी जोड सुटला की आधी त्यांनी तार धरली, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. त्या बाहेर आल्या, टोपली खाली ठेवली, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "राम राम जी. पंपवाले भाऊच ना? मले वाटलं कोन बलावून राहिलं."

मी तिथंच खाली बसलो.  त्यांनी मला पाणी दिलं. ते पिऊन मी विचारलं, या तारेत करंट असतो हे तुम्हाला माहीत नव्हतं का? म्हणाल्या, माहीत होतं. धन्याने सांगितलं होतं की ऊन चढल्यावर झटका बसतो, हात लावू नको. म्हणून त्या रोज प्लेटांजवळच्या मोकळ्या वाटेने ये-जा करायच्या. काल त्या वाटेने गाय घुसली म्हणून यादोरावांनी तीही तारेने बंद केली. "अंधारात जाताना बी तार उचलूनच गेली होती, काही नाही झालं," त्या म्हणाल्या. "आन आता तरी ऊन कुठं चढलं जी?"

तोवर यादोराव तोंडात कडुलिंबाची काडी धरून आले. मी इतका संतापलो होतो की राम राम घालायचंही विसरलो. काय केलं आहे ते त्यांना सरळ सांगितलं. ते शांतपणे ऐकत राहिले, आणि मग मलाच समजावू लागले. त्यांचा हिशेब त्यांच्या दृष्टीने पक्का होता. बाजूच्या गावात एकाकडं झटका मशीन आहे. त्यातही प्लेटच असते, सळईच असते, तारच असते. त्या मशीनला हात लागून कोणी मेल्याचं कोणी ऐकलेलं नाही. म्हणजे सौरचा करंट मारत नाही, लाइनचा मारतो. मग घरी एवढ्या प्लेटा असताना मशीनचा खर्च कशाला? त्या डब्याच्या आतच सगळी गंमत आहे, डबा आहे म्हणून जनावर जगतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी मशीनमधली नेमकी तीच गोष्ट गाळली होती जी माणसाला वाचवते.

मी मीटर काढून प्लेटांचा जोर दाखवला. काट्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"मी सोता हात लावून पायलो जी," ते म्हणाले. "मुंग्या आल्या, बस. माह्यावर भरोसा नसन तं जोडा तुमी. तुमच्यासमोर लावून दाखवतो."

मी विचारलं, केव्हा लावून पाहिला? तर संध्याकाळी, दिवस मावळल्यावर, पायात रबरी चपला. आता ते अनवाणी होते आणि ओल्या धुऱ्यावर उभे होते, आणि जोडाकडं त्यांचा हात चालला होता. मी त्यांचं मनगट धरलं. माझ्या आयुष्यात मी कुठल्याही शेतकऱ्याचा हात असा धरलेला नाही. ते ओढत होते, मी सोडत नव्हतो, आणि माझ्या मनात एकच होतं की हा माणूस मला खोटं पाडण्यासाठी माझ्यासमोर मरेल.

सयत्राबाई इतका वेळ टोपलीजवळ बसून ऐकत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "निर्मलाच्या घरी बी तं तुमीच सांगतलं ना असंच कराले?"

यादोरावांचा हात ढिला पडला.

निर्मला त्यांची मुलगी, दरेकशाकडच्या एका गावात दिलेली. जावयाकडंही सौर पंप, उन्हाळी धान आणि तीच गुरांची कटकट. मागच्या बाजाराला यादोरावांनी जावयाला सगळी रीत शिकवली होती, तार कशी ओढायची, फाटे कुठून काढायचे. मी त्यांना फोन लावायला सांगितलं. त्यांची बोटं चुकीच्या जागी पडू लागली, तेव्हा मी फोन हातात घेऊन लावला आणि आवाज मोठा केला. जावयाचा फोन लागेना. निर्मलाचा लागला, पण ती उचलेना. घंटी वाजून बंद झाली. पुन्हा लावला. मोहाचेच दिवस, तीही झाडाखाली असणार, हे आम्हा तिघांच्याही मनात होतं. एव्हाना ऊन आमच्या अंगावर आलं होतं.

शेवटी आवाज आला, "बाबूजी, एवढ्या सकारी काऊन फोन केला?"

 मुलीचा आवाज ऐकूनच यादोरावांचा चेहरा ओला झाला होता. मी बोललो. मी कोण ते सांगितलं आणि विचारलं, तार लावली का?

"काल बांधून झाली," ती म्हणाली. "हे आताच जोडाले गेले वावरात."

मी तिला म्हणालो, "बाई, पळ. फोन हातातच ठेव. तारेच्या जवळ जाऊ नको, लांबूनच त्याला हाक मार आणि म्हण, सगळं सोड आणि बांदीच्या बाहेर ये." आणि मग आम्ही तिचं पळणं ऐकत उभे राहिलो. चपलांचा आवाज, मग चपला टाकल्याचा, मग नुसता श्वास. मधेच कुत्रं भुंकलं. ती नवऱ्याला हाका मारत होती आणि तिकडून उत्तर येत नव्हतं. सयत्राबाईंनी माझ्या बाहीचं टोक घट्ट धरलं होतं. मी आयुष्यभर विजेला भीत आलो, पण ती भीती मला माझ्या हातांत कळायची. काय करायचं ते हातांना माहीत असायचं. इथं माझे हात एका फोनभोवती होते आणि त्यांना करण्यासारखं काहीच नव्हतं.

मग खूप लांबून पुरुषाचा आवाज ऐकू आला, वैतागलेला, "काय झालं? कायले बोंबलून राहिली?" निर्मला रडू लागली. मी ओरडून विचारलं, त्याच्या हातात काय आहे? पक्कड आहे, ती म्हणाली. एक फाटा जोडून झाला, दुसरा हातात होता. मी म्हणालो, तिथं काही सोडवत बसू नका, कोणी हात लावू नका, मी येतो तोवर दोघंही तिथून दूर व्हा.

फोन जावयाने घेतला. तो मला विचारू लागला की पण मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, तर असंच सांगितलं होतं, त्यात चुकलं काय? आणि उद्या गुरं आत शिरली तर सगळं धान जाईल, त्याचं काय करायचं?  सौर विजेचं मला सगळं कळत होतं, गावच्या मोकळ्या गुरांचं काहीच कळत नव्हतं.

यादोरावांनी माझ्या हातातून फोन घेतला. धोतराच्या टोकाने तोंड पुसलं. समोर त्यांचं स्वतःचं धान उभं होतं, सगळ्या शिवारात तेवढंच हिरवं, आणि प्लेटांजवळच्या वाटेने, जिथं आता तारेत काही उरलं नव्हतं, एक पांढरी गाय तार छातीने ढकलत आत शिरत होती. त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि जागचे हलले नाहीत.

"जावईबापू," ते म्हणाले, "धान जाऊ द्या."